घाई नसलेले दात

त्या दातांच्या लॅबमध्ये ‘अर्जंट’ हा शब्द रोज सकाळी दहाच्या सुमारास स्कूटरवर बसून यायचा. स्कूटर लॅबवाल्या बाईंच्या यजमानांची. ते शहरातल्या दहाबारा दातांच्या डॉक्टरांकडे फेरी मारून डबे गोळा करत. प्रत्येक डब्यात कुणाच्या तरी तोंडाचं प्लास्टरमधलं माप असायचं, त्याला रबरबँडनं बांधलेली चिठ्ठी असायची, आणि चिठ्ठीच्या उजव्या कोपऱ्यात तो शब्द असायचा. कुणी लाल शाईनं लिही, कुणी खाली तीन रेघा ओढी. एक डॉक्टर ‘व्हेरी अर्जंट’ लिहीत, म्हणून त्यांच्या समोरच्या दवाखान्यातले ‘व्हेरी व्हेरी अर्जंट’ लिहायला लागले.

बाईंना बाजारात सगळे बत्तिशीबाई म्हणत. तोंडावर नाही हं, तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. बावीस वर्षं त्या कवळ्या करत होत्या आणि बावीस वर्षांत त्यांच्या रागाचा पारा एकदाही खाली आल्याचं कुणाला आठवत नव्हतं. पण हात असा, की त्यांनी मेणात बसवलेले दात बघून डॉक्टर म्हणत, देवानंसुद्धा बसवताना एवढा वेळ दिला नसेल. दोन खोल्यांची लॅब. पुढच्या खोलीत खिडकीशी बाईंचं टेबल, मेणाच्या वड्या, स्पिरिटचा दिवा. मागच्या खोलीत प्लास्टर, पॉलिशचं मशीन आणि कवळ्या शिजवायचं मोठं भांडं. प्लास्टर आणि फोन या दोन गोष्टी बाईंच्या नणंदेकडे होत्या. बाई तिला वन्सं म्हणत. वन्संचा आवाज इतका गोड, की तगाद्याला फोन केलेला माणूस शेवटी स्वतःच माफी मागून फोन ठेवी.

आता, रोज मरे त्याला कोण रडे! सगळंच अर्जंट म्हटल्यावर बाईंनी तो शब्द वाचणं कधीच सोडून दिलं होतं. चिठ्ठीचा तेवढा कोपरा त्यांना दिसतच नसे. डबे आले त्या क्रमानं फळीवर लागत आणि त्याच क्रमानं उतरत. आणि कुणी फोनवर फारच आवाज चढवला, तर त्याचा डबा एक घर मागे सरकवायचा, असा बाईंचा एक खासगी नियम होता.

अशात दीड महिन्यापूर्वी एक अजब चिठ्ठी आली. पलीकडच्या गल्लीतल्या तरुण डॉक्टरीणबाईंची. वरची आणि खालची, पूर्ण कवळी. माप, चाव्याचा ठसा, दातांचा रंग, सगळं व्यवस्थित. आणि कोपऱ्यात, जिथं तो शब्द असायचा तिथं, सुंदर अक्षरात लिहिलेलं: ‘पेशंटला घाई नाही. सवडीनं केलं तरी चालेल.’

बाईंनी चिठ्ठी दोनदा वाचली. मग यजमानांना वाचायला दिली. त्यांनी ती उलटी करून मागे काही लिहिलंय का ते पाहिलं. वन्संना तर इतकं भरून आलं, की त्या म्हणाल्या, वहिनी, या माणसाला एकदा बघायला पाहिजे. बावीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी या लॅबला माणसात धरलं होतं. बाईंनी ती चिठ्ठी टेबलासमोरच्या भिंतीवर, कॅलेंडरच्या शेजारी टाचणीनं लावली. डबा ठेवला फळीच्या अगदी वर, धक्का लागणार नाही अशा जागी. हे काम गडबडीत उरकायचं नाही, चांगला निवांत दिवस बघून करायचं, असं त्यांनी मनाशी ठरवलं. आणि मग कुणी फोनवर डोकं खाल्लं, की बाई दातओठ खात त्या चिठ्ठीकडे बघत, जरा शांत होत, आणि पुढच्या अर्जंटला हात घालत. निवांत दिवस काही आला नाही. तुम्हीच सांगा, कुणाच्या घरी येतो?

शुक्रवारी सकाळी एक म्हातारे गृहस्थ जिना चढून आले. इस्त्रीचा शर्ट, हातात काळी लांबट पेटी. वन्संना वाटलं सेल्समन. त्यांनी गोड आवाजात आधीच सांगून टाकलं, की आम्हांला काही नको. गृहस्थ दारातच थांबले, चप्पल काढावी की न काढावी या विचारात. त्यांचे ओठ आत गेलेले होते आणि बोलताना ते तोंडापुढे हात धरत होते. डॉक्टरीणबाईंनी पत्ता दिला, म्हणाले. कवळीची जरा चौकशी करायची होती.

लॅबमध्ये पेशंट कधी येत नाहीत. दात करणारे इकडे, दात घालणारे तिकडे, मधे स्कूटर. बाईंनी बावीस वर्षांत हजारो तोंडं प्लास्टरची पाहिली होती, पण त्यांतलं एकही तोंड त्यांच्याशी बोललं नव्हतं. त्या गडबडल्या. बसा म्हणाल्या. बसताना गृहस्थांची नजर भिंतीवर गेली आणि ते जरा वेळ तिकडेच बघत राहिले. ती त्यांची चिठ्ठी होती.

“तशी घाई नाही,” ते म्हणाले. “पण रविवारी नातीचं लग्न आहे.”

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. ते क्लॅरिनेट वाजवत. एका बँडमध्ये चाळीस वर्षं वाजवलं, शिकवलं, सगळे त्यांना मास्तर म्हणत. नात सहा वर्षांची असताना तिनं त्यांच्याकडून वचन घेतलं होतं, की माझ्या लग्नात मी दारातून आत येताना तुम्हीच वाजवायचं, दुसऱ्या कुणी नाही. आता मुलगी सत्तावीस वर्षांची झाली, तरी तिनं ते सोडलं नव्हतं. हॉल ठरला, पत्रिका छापल्या, आणि ध्वनिक्षेपकवाला गाणी लावू का विचारायला आला तेव्हा तिनं त्याला सांगितलं, आत येतानाचं गाणं तुझ्याकडे नाही, माझ्या आजोबांकडे आहे. आणि आजोबांच्या तोंडात दात नव्हते. क्लॅरिनेट वाजवताना वरचे पुढचे दात त्याच्या तोंडावर टेकतात, खालचा ओठ खालच्या दातांवर दुमडतो. दातच नसतील तर वारा आवरायचा कसा? घरी त्यांनी हे कुणाला सांगितलं नव्हतं. होईल, होईल, म्हणत राहिले होते.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, आजोबा, घाई आहे का? तेव्हा हे आपले सवयीनं म्हणाले होते, नाही हो, सवडीनं होऊ द्या. मनात धरलं होतं पंधरा दिवस. पंधराचे तीस झाले, तिसाचे पंचेचाळीस. विचारायला जायचं म्हटलं की पाय उचलेना. तिकडे गर्दी असेल, कुणाला खरी गरज असेल, आपण काय, म्हाताऱ्याचे दात. बोलणाऱ्याची अंबाडी विकते आणि न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात म्हणतात, ते काही उगाच नाही.

बाईंना इतकी लाज वाटली, की त्यांना मास्तरांकडे बघवेना. ज्यानं आपल्याला घाई केली नाही, त्यालाच आपण भिंतीला टांगलं. त्यांनी उठून चिठ्ठी काढली, टाचणीसकट टेबलाच्या खणात टाकली, आणि फळीवरचा डबा खाली घेतला. त्यावर बोटभर धूळ होती. ती त्यांनी पदरानं पुसली.

“रविवारी किती वाजता?” त्यांनी विचारलं.

“अकराला.”

बाईंनी यजमानांकडे पाहिलं. यजमान बावीस वर्षांचे अनुभवी, त्यांनी मुकाट्यानं हेल्मेट खुंटीला लावलं आणि स्पिरिटचा दिवा पेटवला.

दात मेणात बसवायला तीन तास लागले. एरवी बाई पुस्तकातल्या नियमानं बसवत, पण इथं मास्तरांनी पाकिटातून बँडचा एक जुना फोटो काढून दिला होता. त्यात ते तोंडभर हसत होते. त्या हसण्यावरून बाईंनी वरचे पुढचे सहा दात लावले. दुपारी चारला त्या स्वतः डबा घेऊन डॉक्टरीणबाईंकडे निघाल्या, जन्मात पहिल्यांदा. तिथं दोघींची पाच मिनिटं भरपूर जुंपली. मला वाटलं तुम्ही पाठवाल, मला वाटलं तुम्ही मागाल. मग दोघींच्याही लक्षात आलं, की खुर्चीत बसलेला माणूस आपल्यामुळे भांडण झालं म्हणून अवघडलाय, आणि दोघी कामाला लागल्या. मेणातले दात मास्तरांच्या तोंडात गेले. मेणावर फुंकायचं नाही, नुसतं टेकवून बघा, अशी सक्त ताकीद होती. मास्तरांनी क्लॅरिनेटचं तोंड ओठांत घेतलं, डोळे मिटले, आणि बराच वेळ नुसते बसून राहिले. मग बोटानं दाखवलं, वरचे दोन मधले तांदळाच्या दाण्याच्या अर्ध्याएवढे मागे हवेत. बाईंनी तिथंच उभ्या उभ्या सुरी गरम करून ते मागे घेतले. दुसऱ्यांदा मास्तरांनी डोळे उघडले तेव्हा त्यांत पाणी होतं. आता बरोबर, ते म्हणाले.

खरी पंचाईत पुढेच होती. कवळी शिजवायच्या भांड्यात सहा साचे मावत, आणि शनिवारच्या घाण्यात सहाच्या सहा जागा भरलेल्या होत्या. मास्तरांचे साचे दोन, वरचा आणि खालचा. म्हणजे दोन अर्जंट खाली उतरवायचे. वन्सं म्हणाल्या, मी गोड बोलून बघते. बाई म्हणाल्या, गोड बोलून बावीस वर्षं झाली, आता मी बोलते. आणि त्यांनी एकेका डॉक्टरला फोन लावून एकच प्रश्न विचारला: तुमचं अर्जंट म्हणजे नक्की कधी?

काय सांगू, असला प्रश्न त्या शहरात कुणी कुणाला विचारलाच नव्हता. पहिले डॉक्टर इतके गोंधळले, की म्हणाले, थांबा, बघून सांगतो, आणि बघून सांगितलं, की तो पेशंट मुलाकडे राहायला गेलाय, पुढच्या महिन्यात येणार. मग अर्जंट का लिहिलं? तर म्हणे, न लिहिलं तर तुम्ही पाठवणारच नाही ना. ‘व्हेरी अर्जंट’वाल्यांनी खरं ते कबूल केलं. बाई शुक्रवार म्हणतात तेव्हा तो पुढचा शुक्रवार असतो, हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून ते आठ दिवस आधीपासूनच ओरडायला सुरुवात करत. बाई यावर फणकारून काही बोलणार होत्या, पण ते खरं होतं, म्हणून त्यांनी पुढचा फोन लावला. तिसऱ्या दवाखान्यात तर डॉक्टरांना पत्ताच नव्हता. तिथल्या काउंटरवरच्या मुलीनं तो शब्द कोरलेला रबरी शिक्काच करून घेतला होता आणि शिक्का केलाय तर वापरायला हवा म्हणून ती आल्यागेल्या कागदावर तो मारत होती, चहाच्या बिलावरसुद्धा.

चौथ्या फोनवर मात्र बाईंचा आवाज खाली आला. ती कवळी एका शाळेतल्या बाईंची होती. पुढचे दात पडल्यापासून रजेवर होत्या, सोमवारी पन्नास मुलांपुढे उभं राहायचं होतं. त्या चिठ्ठीवर तो शब्द इतका बारीक लिहिला होता, की लिहिणाऱ्यालाच तो लिहायला संकोच वाटला असावा. ही कवळी हलणार नाही, बाईंनी जाहीर केलं. पण पहिल्या दोन दवाखान्यांचे साचे उतरले, तेही हसतखेळत. ‘व्हेरी अर्जंट’वाल्यांनी तर फोन ठेवता ठेवता विचारलं, कोणाचे दात आहेत एवढे? आणि बाईंनी सांगितल्यावर म्हणाले, अहो, माझ्या बहिणीच्या लग्नात वाजवलं होतं त्यांनी.

शनिवारी सकाळी भांडं चढलं. पाणी हळूहळू तापवायचं, मग उकळायचं, मग आच बंद करून साचे पाण्यातच आपोआप गार होऊ द्यायचे. यात कुणाचं काही चालत नाही, डॉक्टरचं नाही, बाईंचंही नाही. साचा गरम असताना उघडला तर कवळी वाकते, आणि वाकलेली कवळी पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. मास्तर एक वाजताच येऊन बसले होते. दीड वाजला, दोन वाजले. त्यांची बोटं गुडघ्यावर वाजत होती, सगळ्या सुरांची भोकं उघडत-मिटत. यजमानांच्यानं राहवेना. त्यांनी बादलीभर गार पाणी आणलं आणि म्हणाले, थोडंसं ओतू या का?

“बादली खाली ठेवा,” बाई म्हणाल्या. “हे दात उद्या एकदाच उपयोगी पडायचे आहेत. मी ते आज घालवणार नाही.”

यजमानांनी बादली खाली ठेवली आणि लाजून त्याच पाण्यानं जिना धुतला. तीन वाजता साचा हातात धरवला. बाईंनी तो फोडला, कवळी मोकळी केली, कडा घासल्या, पॉलिश केलं, जीभ फिरवावी तसं बोट फिरवून आतून-बाहेरून तपासली. पाचला दवाखान्यात ती मास्तरांच्या तोंडात बसली. गाल भरले, ओठ बाहेर आले, आणि डॉक्टरीणबाईंच्या आरशात एक देखणा माणूस दिसायला लागला. वन्संनी तर चक्क टाळी वाजवली.

मग मास्तरांनी क्लॅरिनेट जोडलं आणि फुंकलं. आवाज आला तो मानगूट धरलेल्या कोंबडीचा. पुन्हा फुंकलं. वरची कवळी सुटून जिभेवर आली. डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं होतं, की नव्या कवळीवर वाजवायला निदान पंधरा दिवस सराव लागतो. मास्तरांनी वाद्य मांडीवर ठेवलं. ते पंधरा दिवस माझ्याच भिडेनं खाल्ले, ते म्हणाले. कुणाला बोल लावत नव्हते, हेच बाईंना सहन होईना. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. निघताना मात्र त्यांनी तिघांनाही लग्नाला यायचं निमंत्रण दिलं, आणि इतक्या आग्रहानं दिलं, की नाही म्हणायची सोय नव्हती.

रविवारी बाई हॉलमध्ये मागच्या रांगेत बसल्या, आणि पदराचं टोक असं पिळत होत्या, जणू त्यांचंच लग्न आहे. यजमान उगाच पंखे मोजत होते. पुढे नवरा मुलगा उभा होता, लग्न लावणारे गृहस्थ कागद घेऊन बसले होते. अकराला पाच कमी असताना मास्तर भिंतीशी ठेवलेल्या खुर्चीपाशी आले. डोळे लाल होते. पहाटे उठून गच्चीवर जाऊन फुंकत होते, असं त्यांच्या मुलीनं वन्संच्या कानात सांगितलं. एकच धून बसलीय, तीही धड नाही.

दार उघडलं. नात दारात उभी राहिली. मास्तरांनी वाद्य ओठांना लावलं.

पहिला सूर आला. कापरा होता, पण सूर होता. दुसरा आला, तिसरा आला, धून ओळखू यायला लागली, नातीनं पहिलं पाऊल टाकलं. आणि चौथ्या ओळीत तीच कोंबडी ओरडली. पुढच्या रांगेतली काही पोरं फिदीफिदी हसली. मास्तर थांबले. अंगठ्यानं वरची कवळी दाबली. पुन्हा फुंकलं, नुसता वारा निघाला. ध्वनिक्षेपकवाल्याचा हात बटणाकडे गेला. त्या दिवशी पहिल्यांदा बाईंनी देवाकडे काहीतरी मागितलं, आणि काय मागावं ते नीट न सुचल्यामुळे त्या नुसतंच ‘दात, दात’ पुटपुटत राहिल्या.

ध्वनिक्षेपकवाल्याकडे बघून नातीनं हात वर केला. मग तिनं काय करावं? दाराजवळची एक रिकामी खुर्ची ओढली, साडी सावरली, आणि त्या खुर्चीवर खुशाल बसली.

“आजोबा, तुम्ही वाजवाल तेव्हा मी निघेन,” ती म्हणाली.

लग्न लावणारे गृहस्थ घड्याळाकडे बघायला लागले. नवरा मुलगा क्षणभर चपापला. मग त्यानंही इकडेतिकडे बघितलं, खुर्ची ओढली आणि तोही बसला. हॉलमध्ये हसू पिकलं. हे हसू वेगळं होतं, त्यात मास्तरांचेही खांदे हलले. हसून त्यांचा जबडा सैल झाला, की खांद्यावरचं ओझं उतरलं, कुणास ठाऊक. त्यांनी कवळी जिभेनं नीट बसवली, वाद्याचं तोंड दातांखाली धरलं, अगदी बाईंनी अर्धा दाणा मागे घेतलेल्या त्या दोन दातांखाली, आणि डोळे मिटून फुंकलं.

या वेळी सूर भरून आला. जाड, उबदार, शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा. नात उठली. ती सावकाश चालत होती, पावलामागे पाऊल, मधे एकदा सूर अडखळला तर तीही पाऊल उचलायची थांबली आणि सूर आल्यावर पुढे निघाली. मधली जागा जेमतेम पंचवीस पावलांची, पण तिला पोचायला चांगला वेळ लागला. ती नवऱ्याशेजारी जाऊन उभी राहिली तरी मास्तर थांबले नाहीत. धून संपली होती, त्यांनी ती पहिल्यापासून धरली. कुणी त्यांना थांबवलं नाही.

बाईंना इतका आनंद झाला, की तो कुठं ठेवावा ते कळेना. शेजारी बसलेल्या एका अनोळखी आजींचा हात त्यांनी घट्ट धरला होता, हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं. आजींनी हात सोडवून घेतला नाही. उलट वाकून विचारलं, की वाजवणारे तुमचे कोण?

बाईंनी नाक पुसलं.

“माझे दात आहेत त्यांच्या तोंडात,” त्या म्हणाल्या, आणि पुन्हा ऐकायला लागल्या.